छोट्या संस्थांनाही गटसचिव हवा

तालुक्याच्या गावातली एखादी छोटी संस्था डोळ्यांपुढे आणा. अभ्यासिका म्हणा किंवा विशेष मुलांचा वर्ग. सात-नऊ विश्वस्त, मानधनावरच्या दोन ताई, वर्षाची उलाढाल पाच-सात लाखांची. तिचे खजिनदार अचानक वारले. शोकसभा झाली, नव्या खजिनदाराच्या नेमणुकीचा ठराव झाला आणि सगळे बँकेत गेले. बँक म्हणाली, सही बदलायची तर धर्मादाय कार्यालयाने मान्य केलेला चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा अहवाल, आणा. तो सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली, बदल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत दाखल करायचा असतो. सोबत सभेची नोटीस, ती पोचल्याच्या सह्या, इतिवृत्तातल्या ठरावाची प्रत, नव्या माणसाचं संमतिपत्र, मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र. ही जमवाजमव करताना कुणीतरी शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, उतारा काढतं आणि खरा घोळ बाहेर येतो. आठ वर्षांपूर्वी दोन विश्वस्त बदलले होते, त्याचा चेंज रिपोर्ट कुणी दिलेलाच नाही. कागदावर जे विश्वस्त आहेत त्यातले तीन हयात नाहीत आणि ज्यांनी परवाच्या सभेची नोटीस काढली ते कागदावर विश्वस्तच नाहीत. म्हणजे आधी जुना बदल, त्याच्यासोबत विलंब माफीचा अर्ज, आणि मग नवा बदल. तोवर खात्यात पैसे जमा होतील, पण निघणार नाहीत. ताईंचं मानधन कुणीतरी खिशातून देईल, दोन महिने, तीन महिने. चौथ्या महिन्यात एक ताई दुसरीकडे लागते.

२०१७च्या दुरुस्तीने या कामाला थोडी गती यावी अशी सोय केली. विश्वस्तांच्या नावातल्या बदलाला पंधरा कामाच्या दिवसांत तात्पुरती मान्यता देता येते, मग हरकती मागवायच्या. सोय चांगली आहे. पण ती आहे हे संस्थेला सांगणारं आणि त्या नमुन्यात अर्ज लिहून देणारं माणूस कुठे आहे? जिल्ह्याच्या ठिकाणी वकील आहेत. त्यांची फी संस्थेच्या महिन्याच्या खर्चाएवढी.

माझं म्हणणं एवढंच आहे की महाराष्ट्रातल्या छोट्या सामाजिक संस्था तळमळ कमी पडून मरत नाहीत, आणि पैसा कमी पडूनही आपण समजतो तेवढ्या मरत नाहीत. त्यांना लागतं ते एक टेबल. हिशेब, नोंदणी, ठराव, अर्ज, मुदती सांभाळणारं, पाच-पन्नास संस्थांनी मिळून वापरायचं टेबल, सहकारात अनेक सोसायट्यांना मिळून एक गटसचिव असतो तसं. ते जिल्ह्या-जिल्ह्यात असावं, त्याचा खर्च समाजाने उघडपणे करावा आणि त्याची मालकी छोट्या संस्थांचीच असावी. यातली शेवटची अट सगळ्यात अवघड आहे. तिच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

आधी ओझं किती आहे ते पाहू. आपल्याकडे सात माणसं एकत्र येऊन १८६०च्या कायद्याखाली संस्था नोंदवतात. महाराष्ट्रात तीच संस्था १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदली जाते आणि तिला एफ नंबर मिळतो. म्हणजे जन्मतःच दोन कायदे. वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत ऑडिट. मग प्राप्तिकर. पूर्वी करमाफीसाठीची १२एची नोंदणी एकदा झाली की झाली, असा काळ होता. २०२०च्या बदलानंतर जुन्या-नव्या सगळ्यांनाच पुन्हा अर्ज करावा लागला आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण आलं. २०२५मध्ये छोट्या न्यासांसाठी नोंदणीची मुदत दहा वर्षं केली, हे बरं झालं. देणगीदाराला करसवलत मिळवून देणाऱ्या ८०जीचं मात्र पाच वर्षांचं चक्र राहिलंच. देणगीदारांची यादी ३१ मेपर्यंत ऑनलाइन भरायची, त्यात प्रत्येकाचं नाव, पत्ता, पॅन किंवा आधार. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. गावातल्या निवृत्त गुरुजींनी नातवाच्या वाढदिवसाला ५०१ रुपये दिले आणि त्यांच्याकडे पॅन मागायला कार्यकर्त्याची जीभ रेटली नाही, की ती पावती यादीतून गळते. शिवाय स्वयंसेवी संस्थांच्या नोंदीचं नीती आयोगाचं दर्पण पोर्टल, कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) पैसा हवा असेल तर सीएसआर-१ची नोंदणी. त्यासाठी आधी १२ए आणि ८०जी लागतंच, वर कामाचा तीन वर्षांचा इतिहास. आणि आता १ एप्रिल २०२६पासून नवा प्राप्तिकर कायदा, म्हणजे इतकी वर्षं तोंडपाठ झालेले कलमांचे आकडे पुन्हा नव्याने शिका.

यातला एकेक नियम वेगळा काढून पाहिला तर त्यात गैर असं फार नाही. लोकांचा पैसा घेता तर हिशेब द्या, हे म्हणणं रास्तच आहे. बोगस न्यासांची आपल्याकडे कमतरता नाही. कागदावर शाळा आणि प्रत्यक्षात गोठा, असे प्रकार सगळ्यांनी पाहिलेत. अडचण अशी की दोनशे कोटींचा शिक्षणसम्राटाचा न्यास आणि पाच लाखांची अभ्यासिका यांच्यासाठी नियमांचा सांगाडा बहुतांशी एकच आहे. पहिल्याकडे सी.ए., वकील, लेखा विभाग सगळं आहे. दुसरीकडे अध्यक्षांचा भाचा आहे, बी.कॉम. झालेला, रविवारी सवड मिळाली तर येणारा.

देणाऱ्यांचीही एक खोड आहे. आपल्याला पैसा 'थेट' पोचलेला हवा असतो. वह्या, सायकली, डबे, पाण्याची टाकी, टाकीवर नावाची पाटी. ऑडिटची फी भरायला किंवा हिशेबनिसाचा पगार द्यायला देणगी हवी म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, जणू कुणी हॉटेलचं बिल पुढे केलंय. कंपन्यांच्या बाबतीत यात गैरसमजाची भर पडली. सीएसआरच्या नियमांत प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे. पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चावर. प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं हा त्यात धरायचा खर्च नव्हे. तरीही कित्येक कंपन्यांचे अधिकारी तोच पाच टक्क्यांचा आकडा संस्थेच्या अंदाजपत्रकावर ठेवतात आणि हिशेबनिसाची ओळ खोडून टाकतात. संस्था वाद घालत नाही. वाद घातला तर पुढच्या वर्षी प्रकल्प दुसरीकडे जाईल. मग हिशेब लिहिण्याचं काम शिकवणाऱ्या ताईंच्याच गळ्यात पडतं, आणि वर्षअखेरीस तीच कंपनी विचारते, तुमचे अहवाल वेळेवर का येत नाहीत?

देशात सीएसआरचा सर्वात मोठा वाटा महाराष्ट्राला मिळतो. त्यातला बराचसा मुंबई-पुण्याच्या आसपास घुटमळतो. याचं कारण कंपन्यांची कार्यालयं तिथे आहेत हे तर आहेच, पण आणखी एक आहे. कंपनीला हव्या त्या भाषेत प्रस्ताव लिहिणारी, तिमाही अहवाल देणारी, कागद चोख असणारी संस्था तिथे सापडते. नंदुरबार किंवा गडचिरोलीत काम जास्त आहे, कागद कमी. पैसा कागदाच्या मागे जातो.

हे सगळं मराठी समाजाला नवं नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. एकट्या छोट्या संस्थेला न पेलणारी गोष्ट दहा-वीस संस्थांनी मिळून पेलायची, हे आपल्या लोकांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. आजचा महाराष्ट्र राज्य सहकारी संघ १९१८चा. गावोगाव सहकारी संस्था निघणार तर त्यांच्या पंचांना, सचिवांना शिकवणारी यंत्रणा हवी, हे तेव्हाच्या मंडळींनी ओळखलं होतं. सहकारी संस्थांकडूनच शिक्षण निधी गोळा करायचा आणि त्यातून त्यांच्याच माणसांचं प्रशिक्षण करायचं, अशी ही रचना. ग्रंथालयांचंही तसंच. १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला, अ-ब-क-ड वर्ग आले, अनुदान आलं. पण गावातल्या ड वर्ग वाचनालयाला दाखलनोंद कशी ठेवायची आणि तपासणीला साहेब येण्याआधी काय तयार हवं, हे कुणी शिकवलं? जिल्हा ग्रंथालय संघांनी. ग्रंथपालनाचे वर्ग त्यांनीच चालवले. संघ काही ठिकाणी जोमदार, काही ठिकाणी नावापुरता. पण आहे. विशेष मुलांच्या वर्गाला, वृद्धांच्या विरंगुळा केंद्राला, पक्षी वाचवणाऱ्या चार पोरांच्या गटाला असा कुठला संघ आहे?

सहकारातला गटसचिव तर मला या सगळ्यात सर्वात हुशारीची कल्पना वाटते. विकास सोसायट्या राज्यात एकवीस हजारांच्या आसपास. प्रत्येकीला स्वतंत्र शिकलेला सचिव परवडणं शक्य नव्हतं. म्हणून काही सोसायट्यांचा गट करून त्यांना मिळून एक सचिव. तो खतावणी लिहिणार, क. म. पत्रक, म्हणजे कुणाला किती कर्ज देता येईल याचं कमाल मर्यादा पत्रक, तयार करणार, कर्जरोखे भरणार, ऑडिटरपुढे दप्तर ठेवणार, पंच कमिटीच्या सभेचं इतिवृत्त लिहिणार. नेमणूक आणि पगार पाहायला जिल्हा देखरेख संस्था. शेतकरी असलेल्या पंचाला आकडेमोड आली नाही तरी सोसायटी चालायची, कारण आकडेमोड येणारा माणूस आठवड्यातल्या ठरल्या वारी सायकलवर, पुढे मोटारसायकलवर, यायचा. चेअरमन गावचा, दप्तर गटसचिवाचं.

या व्यवस्थेचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर हा लेख नुसता स्मरणरंजन होईल. गटसचिव अनेक मालकांच्या ओढाताणीत सापडला. चेअरमन म्हणणार आमचा, जिल्हा बँक म्हणणार वसुली आमची, देखरेख संस्था म्हणणार ऑर्डर आमची. सोसायटीचं उत्पन्न कर्जवसुलीवर, म्हणून थकबाकी वाढली की वर्गणी थांबली आणि वर्गणी थांबली की पगार थकला. गटसचिवांच्या थकीत पगाराच्या बातम्या विदर्भ-मराठवाड्यातून वर्षानुवर्षं येतात. आणि जिथे पगार वेळेवर होता तिथे काही ठिकाणी दप्तर एकट्याच्या ताब्यात राहिल्याने तोच गावचा अनभिषिक्त राजा झाला. कुणाचं कर्ज बसतं, कुणाचं नाव यादीत येतं, हे त्याच्या लेखणीवर. मदतीला आलेला माणूस दरवाजा अडवून बसला. जिल्ह्याचं साहाय्य केंद्र, म्हणजे वर म्हटलेलं टेबल, काढायचं तर या दोन्ही गोष्टी आधीच ध्यानात घ्याव्या लागतील: पगार कुठून येणार, आणि दप्तर कुणाच्या ताब्यात राहणार.

आजच्या काळातलं याचं सर्वात जवळचं उदाहरण महिला बचतगटांचं आहे. महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे माविमने, २००७पासून 'तेजस्विनी' कार्यक्रमात लोकसंचालित साधन केंद्रं उभी केली. आज ती तीनशेहून जास्त आहेत. वीसेक गावं आणि दीड-दोनशे गट मिळून एक केंद्र, असा ढोबळ हिशेब. कार्यकारिणी गटांतल्याच बायकांची. केंद्रात व्यवस्थापक, लेखापाल आणि गावोगाव फिरणाऱ्या सहयोगिनी. गटाची वही मागे पडली की सहयोगिनी ती पुरी करून घेते, बचत आणि अंतर्गत कर्जाचा ताळा लावते, गटाचं ग्रेडिंग करते. बँकेच्या कर्जाची फाईल गट एकट्याने घेऊन गेला तर साहेब जेवायला गेलेले असतात, केंद्रामार्फत गेली तर बसायला खुर्ची मिळते. यात जादू काही नाही. बँकेला दोनशे गटांशी वेगवेगळं बोलणं परवडत नाही, एका केंद्राशी परवडतं. आणि हे फुकट नाही. गट केंद्राला सेवाशुल्क देतात. बाई पैसे मोजते म्हणून वार्षिक सभेत उठून विचारते, आमच्या वर्गणीचं काय केलं? मला हा प्रश्न या सगळ्या रचनेतला सर्वात मोलाचा भाग वाटतो. फुकट मिळणाऱ्या प्रशिक्षणात कुणी असा प्रश्न विचारत नाही. चहा-नाश्ता घेतात, प्रमाणपत्र घेतात, घरी जातात. सगळीच केंद्रं स्वतःच्या पायांवर उभी आहेत असं नाही, काहींची शासनाच्या योजनांवरची भिस्त सुटलेली नाही. पण बचतगटांसाठी जे जमलं ते सामाजिक संस्थांसाठी का जमू नये, याचं पटणारं उत्तर मला अजून कुणाकडून मिळालेलं नाही.

पाणलोटाच्या कामातूनही एक धडा घेण्यासारखा आहे. नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात छोट्या संस्था आणि गावसमित्या यांच्याकडून काम करून घ्यायचं होतं. त्यांना तयार करण्यासाठी फादर हर्मन बाकर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३मध्ये नगरला 'वॉटर' ही संस्था काढली. पद्धत अशी की पहिल्याच दिवशी सगळा पैसा हाती द्यायचा नाही. आधी क्षमता बांधणीचा टप्पा. लहान तुकड्यावर काम करायचं, श्रमदान दाखवायचं, मोजमाप आणि हिशेब शिकायचे, गावसमितीच्या सभा नियमित घ्यायच्या. त्यात उतरलं की मोठं काम, नाबार्डमार्फत. आज आपण नेमकं उलटं करतो. पैसा आधी देतो, तोही मार्च महिन्यात, आणि संस्थेला हिशेब येत नाही म्हणून नंतर बोल लावतो.

मोठ्या संस्थांनी छोट्यांचा हात धरावा, असं सहज म्हटलं जातं. त्या धरत होत्याही. १९६९ पासून पुण्यात असलेल्या 'ॲफार्म'सारख्या शिखर संस्थेचं कामच ग्रामीण स्वयंसेवी संस्थांना एकत्र बांधून त्यांना तांत्रिक आणि व्यवस्थापकीय बळ देणं हे राहिलं आहे. पण गेल्या काही वर्षांत कायद्यानेच हा रस्ता अरुंद केला. सप्टेंबर २०२०मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. परदेशातून आलेला निधी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देण्यावर सरसकट बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. तोवर पुण्या-मुंबईतली मोठी संस्था निधी आणायची, त्यातला वाटा तालुक्यातल्या पाच-दहा छोट्या संस्थांना द्यायची आणि त्यासोबत त्यांचे हिशेब, अहवालही मार्गी लावून द्यायची. ती साखळी एका फटक्यात तुटली. मग २०२३च्या अर्थसंकल्पाने देशातल्या पैशाचंही तसंच काहीसं केलं. एका न्यासाने दुसऱ्याला दिलेली देणगी उद्दिष्टावरचा खर्च म्हणून पूर्ण न धरता ८५ टक्केच धरायची. हेतू पैसा फिरवण्याला आळा घालण्याचा असेल. फटका बसला तो प्रामाणिकपणे पुढे पैसा देणाऱ्याला. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसांच्या आणि त्यांच्या तिथल्या संस्थांच्या मदतीलाही परदेशी देणग्यांचा हा कायदा ओलांडूनच यावं लागतं, आणि तो परवाना मिळवणं अभ्यासिकेच्या स्वप्नातही नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: बाजारात सी.ए. आहेत, सल्लागार आहेत, संस्थांनी त्यांच्याकडे जावं. जावं, आणि ज्यांना परवडतं त्या जातातच. पण सल्लागार सही करून देतो, शिकवत नाही. त्याला शिकवण्यात फायदाही नाही, गिऱ्हाईक दरवर्षी परत आलेलंच बरं. शिवाय सी.ए.कडे कागद सप्टेंबरात जातात, तेव्हा वर्ष संपून सहा महिने झालेले असतात. रोख खर्चाची व्हाउचरं हरवली ती हरवलीच. मदत लागते ती एप्रिलपासून, दर महिन्याला.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो कार्यकर्त्यांकडूनच येतो. कागदाच्या नादाने संस्था कार्यालय होईल, कार्यकर्ता कारकून होईल. हे होताना मी पाहिलंय. एकेकाळी मोर्चे काढणारी माणसं आज लॉगफ्रेम, म्हणजे प्रकल्पाच्या उद्दिष्टांचे तक्ते, भरतात. म्हणूनच तर कारकुनी दुसऱ्या टेबलावर हवी! आज कार्यकर्ता कारकून होतोच आहे, फक्त वाईट कारकून होतो आहे, कारण ते त्याचं काम नव्हे. आठवड्यातला एक दिवस केंद्राचं माणूस येऊन दप्तर चालू ठेवणार असेल तर उरलेले दिवस तो वस्तीत फिरेल.

तिसरा, मध्यस्थांचा आक्षेप. वरची संस्था मलई खाईल, खालच्यांना ताक मिळेल. खरं आहे, असं घडलंय. आरोग्य खात्याच्या 'मदर एनजीओ' योजनेत एका संस्थेने क्षेत्रीय संस्था निवडायच्या, त्यांना निधी द्यायचा आणि त्यांना तयारही करायचं, अशी रचना होती. ज्याच्या हातात चेक तोच मास्तर झाला की शिकणारा खरं बोलत नाही. आपल्या हिशेबातली चूक तो मास्तरला कशी दाखवणार, पुढचा हप्ता त्याच्याच सहीने यायचा आहे. म्हणून साहाय्य केंद्राने निधी वाटू नये. एक रुपयाही नाही. आणि स्वतःचे प्रकल्पही चालवू नयेत. हे दुसरं पाळणं जड जाईल, कारण केंद्राला प्रस्ताव लिहिता येत असणार, आणि कंपनीचा साहेब म्हणणार, त्या सत्तर छोट्यांशी कुठे बोलत बसू, तुम्हीच घ्या ना काम. त्या क्षणी केंद्र आपल्याच सभासदांचा प्रतिस्पर्धी होतं.

मग खर्च कुणी करायचा? मी ढोबळ हिशेब मांडतो, माझा अंदाज म्हणून. एक हिशेबनीस, एक धर्मादाय आणि प्राप्तिकराचे कागद जाणणारा, एक फिरती कार्यकर्ती, जागेचं भाडं, प्रवास. वर्षाला पंधरा लाखांत बसावं. पंचाहत्तर संस्था धरल्या तर संस्थेमागे वीस हजार. त्यातले दोन-तीन हजार संस्थेने वर्गणी म्हणून द्यावेत, उलाढालीप्रमाणे कमी-जास्त. बाकीच्यासाठी एक रस्ता आपल्या कायद्यातच आहे. सार्वजनिक न्यासांकडून उत्पन्नाच्या दोन टक्क्यांनी अंशदान घेऊन सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था प्रशासन निधी उभारला गेला. वर्षानुवर्षं वसुली झाली, निधीत गरजेहून जास्त पैसा साचल्याचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला आणि २००९मध्ये वसुलीला स्थगिती मिळाली. हा पैसा संस्थांनीच भरलेला. त्याचा काही भाग संस्थांचे कागद सुधारण्यावर खर्च करायला कायद्यात बदल लागला तर तो करावा. यात धर्मादाय कार्यालयाचाही फायदा आहे. अर्धवट, चुकीचे चेंज रिपोर्ट येणं कमी झालं तर सुनावणीच्या तारखा कमी लागतील.

उरलेला वाटा कंपन्यांकडून घ्यावा, मात्र एकाच कंपनीकडून नव्हे. इंग्लंडमध्ये अशी स्थानिक साहाय्य मंडळं फार जुनी आहेत आणि त्यातली पुष्कळशी नगरपालिकांच्या अनुदानावर उभी होती. २०१० नंतर तिथल्या पालिकांची अंदाजपत्रकं कापली गेली तेव्हा कात्री यांच्यावर आली. काही बंद पडली, काही एकमेकांत विलीन झाली. आपल्याकडे तर जिल्हाधिकाऱ्यांची बदली झाली तरी उपक्रम मरतो. पालक एक असला की पोर त्याच्यासोबत जातं.

मालकीबद्दल मी अडून बसेन. केंद्राचं मंडळ वर्गणी भरणाऱ्या संस्थांनी निवडावं, एका संस्थेला एक मत, मग तिची उलाढाल दोन लाख असो की दोन कोटी. ठरावीक उलाढालीवरच्या संस्थांनी सल्ला द्यावा, मंडळावर येऊ नये. सलग दोन मुदतींनंतर घरी. मूळ दप्तर संस्थेकडेच राहील, केंद्राकडे फक्त प्रती. गटसचिवाच्या कपाटाला एकच किल्ली होती, ती चूक पुन्हा नको. आणि केंद्राच्या कामाचं मोजमाप किती प्रशिक्षणं घेतली, किती जण हजर होते यावर नको. तसले फोटो आपल्याकडे पोत्याने आहेत. किती सभासद संस्थांचं शेड्यूल वन आजच्या तारखेला खरं आहे, किती जणांचं ऑडिट मुदतीत झालं, आणि किती जणांना या वर्षी केंद्राची मदत गेल्या वर्षीपेक्षा कमी लागली, एवढं मोजलं तरी पुरे.

एक गोष्ट मात्र केंद्राच्या आवाक्याबाहेर राहील. संस्थापक अध्यक्ष पंचवीस वर्षं खुर्चीवर आहेत, सही त्यांची, फोन त्यांचा, निर्णय त्यांचा, वार्षिक सभा कागदावर. दुसरी फळी नाही म्हणून ते खुर्ची सोडत नाहीत आणि ते सोडत नाहीत म्हणून दुसरी फळी तयार होत नाही. नियमित इतिवृत्त आणि वेळेवर निवडणूक यांची सवय लागली तर थोडा फरक पडेल, पण फार आशा धरू नये. काही संस्था त्यांच्या संस्थापकांबरोबरच संपणार आहेत. केंद्राने अशांना सन्मानाने बंद कसं व्हायचं, मालमत्ता दुसऱ्या संस्थेकडे कशी सोपवायची, हेही सांगावं. आपल्याकडे संस्था काढायची मार्गदर्शन शिबिरं भरतात, बंद करायची नाही.

सुरुवात एका जिल्ह्यात करावी, शक्यतो मुंबई-पुण्यापासून लांब, वाशिम किंवा धाराशिवसारख्या ठिकाणी. पहिली नेमणूक हिशेबनिसाची करावी, संचालक मागाहून आला तरी चालेल. पहिलं वर्षभर फक्त दोनच कामं: थकलेले चेंज रिपोर्ट आणि महिन्याचे हिशेब. वेबसाइट, बोधचिन्ह, उद्घाटनाला मंत्री, यातलं काही नको. आणि कुणी इमारत निधीचं नाव काढलं तर त्याला चहा पाजून परत पाठवावं. जिल्हा ग्रंथालयाच्या मागची एक खोली, दोन टेबलं आणि कुलपाचं कपाट एवढ्यावर पंचाहत्तर संस्थांचं दप्तर मार्गी लागतं.